आईच्या नावाची सही

भित्री भागूबाई हे नाव तिला दादानं ठेवलं, ती पाच वर्षांची असताना. पुढं नावातलं ‘भित्री’ गळलं आणि नुसती भागू उरली. स्वभावातलं मात्र कुठं गळतंय! पोस्टमननं दोनदा बेल वाजवली तरी हिच्या काळजात धस्स व्हायचं. कपड्यांच्या दुरुस्तीचं दुकान तिनं तीस वर्षं चालवलं, आणि तीस वर्षांनंतरही पँटची उंची कमी करताना तीनतीनदा माप घ्यायची. हात मात्र असा, की उसवलेली शिवण पुन्हा कुठून घातली ते कपड्याच्या मालकाला शोधून सापडू नये. “काळीज सशाचं आणि हात सोनाराचा,” असं आई म्हणायची.

आई गेली आणि घर विकायची वेळ आली. मृत्युपत्रात आईनं स्वच्छ लिहून ठेवलं होतं: घर विकावं, तीन वाटे करावेत, दोन भागूला, एक दादाला, आणि विक्रीचं सगळं भागूनं बघावं. दोन वाट्यांच्या पैशांत तिला दुसरीकडे तळमजल्यावरच्या दोन खोल्या येणार होत्या. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत ती. मृत्युपत्र टिकलं नसतं आणि दादाला निम्मं द्यावं लागलं असतं, तर एकाच खोलीत मशीन ठेवायचं की आपण राहायचं, एवढाच प्रश्न उरला असता.

एजंट आला तो वारशाच्या घरांचाच. दुसरं काही विकत नसे. गल्लीत त्याला ‘मागचा माणूस’ म्हणत, कारण कुणी गेलं की हा मागनं यायचा. न सांगता चपला दाराबाहेर काढल्या, भिंतींवरून नजर फिरवली, कशाला हात लावला नाही.

“हे बघा ताई,” तो म्हणाला, “मृत्युपत्र म्हणजे आत्ता नुसतं आईचं म्हणणं आहे. कोर्टानं ते खरं मानून प्रोबेट दिलं, की मगच तुम्हाला घर विकता येईल. तोवर खुर्चीसुद्धा हलवू नका. साक्षीदार कुठं आहेत?”

साक्षीदार दोन. त्यातला दवाखान्यातला कंपाउंडर वारला होता, आणि शेजारच्या शिक्षिका बाई आता पोटच्या लेकीलाही ओळखत नव्हत्या.

“मग सही जुळवावी लागेल. आईंच्या सहीचा बँकेतला नमुना आणा. अलीकडचा.”

भागूच्या तोंडचं पाणी पळालं. ती “हो” म्हणाली, कारण नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं.

कारण असं, की बँकेतली सही आईची नव्हतीच. नऊ वर्षांपूर्वी आईच्या हाताला कंप सुटला. एकदा चेक परत आला, ‘सही जुळत नाही’ म्हणून. आई लहान मुलीसारखी रडली, मग डोळे पुसून म्हणाली, “तूच करत जा गं. माझी सही तुला माझ्यापेक्षा चांगली येते.” भागूनं ती खडूची रेघ मारावी तशी एका दमात करून दाखवली. पुढं बँकेनं नवा नमुना मागितला, तोही फॉर्म घरी आला आणि हिनंच भरला. चार वर्षांपूर्वी मृत्युपत्र झालं तेव्हा मात्र आईनं पेन सोडलं नाही. “इथं माझीच सही पाहिजे,” म्हणाली. पाव तास लागला. अक्षरं अशी उमटली, की मुंगी शाईत बुडून कागदावरून गेली असावी.

म्हणजे बघा गंमत! खरी सही खोटी दिसत होती आणि खोटी सही बँकेच्या शिक्क्यासकट खरी.

पुढचे आठ दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. एका गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही उलटी लावली, तीस वर्षांत पहिल्यांदा. रस्त्यात पोलीस दिसला की ती औषधाच्या दुकानात शिरायची आणि खोकल्याची गोळी घेऊन बाहेर पडायची. गोळ्यांची एक बरणी भरली. सांगावं तर बँकेत खोट्या सह्या केल्या म्हणून धरतील, न सांगावं तर मृत्युपत्र खोटं केलं म्हणून. कर नाही त्याला डर कशाला म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातंय! हिनं केलं होतं, पण भलतंच केलं होतं, आणि डर सगळ्याचाच होता.

एजंटची एक रीत होती. कोर्टात अर्ज टाकण्याआधी तो सगळ्या वारसांना त्याच घरात, गेलेलं माणूस जिथं जेवायचं त्या टेबलाशी बसवायचा आणि मृत्युपत्र मोठ्यानं वाचायचा. “भांडायचं असेल तर इथं भांडून घ्या,” म्हणायचा. “इथं वकील लागत नाही. आणि वारसाची हरकत नसली, तर कोर्टही फार खोलात शिरत नाही.”

रविवारी सकाळी दादा आला. प्रवासानं दमलेला, आईच्या खुर्चीकडे न बघता बसला. वाचन झालं. दोन वाटे, एक वाटा. दादानं चष्मा लावून मृत्युपत्र ओढलं, शेजारी भागूनं आणलेला बँकेचा नमुना ठेवला, आणि बोट फिरवत एकेक अक्षर ताडून बघितलं. भागूला स्वतःच्या कानात मशीन चालल्यासारखं ऐकू येत होतं.

“बँकेत परवापर्यंत इतकी सुबक सही करणारी आई,” दादा सावकाश म्हणाला, “चार वर्षांपूर्वी अशी करेल?”

“ती बँकेतली माझी आहे,” भागू म्हणाली. बोलून गेली आणि पाचावर धारण बसली. “आईनंच सांगितलं होतं. तिचा हात थरथरायचा, दादा. मृत्युपत्रावरची तेवढी तिची. बँकेतल्या सगळ्या माझ्या.”

“हे मी ऐकलं नाही,” एजंट खिडकीकडे बघत म्हणाला.

“तुझी?” दादानं कोरा कागद तिच्यापुढे सरकवला. “करून दाखव.”

एवढंच तर करायचं होतं! डोळे मिटून आली असती अशी सही. तिनं पेन घेतलं. पण समोर दादा, बाजूला एजंट, आणि मागं आईची रिकामी खुर्ची. बोटं लटलट कापायला लागली. तिनं डाव्या हातानं उजवा मनगटात धरला. पहिलं अक्षर वाकडं गेलं, दुसरं त्यावर पडलं, शेवटची रेघ कागदाच्या कडेपर्यंत घसरत गेली.

दादानं तो कागद उचलून मृत्युपत्राशेजारी ठेवला. दोन्ही सह्या हुबेहूब सारख्या होत्या.

“थांब, मी परत करते,” भागू म्हणाली. “मला भीती वाटतेय म्हणून असं झालं. परत करते मी.”

“राहू दे.”

“दादा, ती आईचीच आहे रे. देवाशप्पथ.”

दादानं चष्मा काढला. त्याचे डोळे भरले होते, आणि त्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं. “अगं, घर हवं होतं तर मला फोन करायचास,” तो म्हणाला. “एवढं कशाला करायचं? नऊ वर्षं तू तिचं हगणंमुतणं काढलंस. मी काय केलं? मी दोन वाट्यांना नाही म्हटलं असतं का?”

“मी नाही केली ती सही.”

“बरं बाई. नाही केलीस.” लहानपणी तिनं बरणीतली साखर खाल्ल्यावर म्हणायचा तसंच म्हणाला. मग हरकत नसल्याच्या कागदावर त्यानं सही केली. एका झटक्यात.

एजंट चपला घालत होता, तेव्हा भागू दारापर्यंत गेली. “तुम्हाला तरी पटलं ना?”

“ताई, पटायचं काम कोर्टाचं,” तो म्हणाला. “आणि आता बहुतेक त्यांना विचारायचंही कारण उरलं नाही.”

प्रोबेट मिळालं. घर गेलं. तळमजल्यावरच्या दोन खोल्या आल्या. पुढच्या खोलीत मशीन आहे, मागच्या खोलीत भागू. दादा आता दर रविवारी फोन करतो, पूर्वीपेक्षा मायेनं बोलतो, आणि भित्री म्हणून कधी चिडवत नाही. “तुझ्यात एवढी हिंमत असेल असं वाटलं नव्हतं हं,” असं एकदा हसत म्हणाला. भागूनं फोन ठेवला आणि अर्धवट राहिलेली काजं पुरी केली.

काजं अजून तशीच येतात, मोजून घ्यावीत अशी. पण कुरियरवाला पार्सल घेऊन आला आणि त्यानं पेन पुढं केलं, की ती हात पदराआड घेते आणि विचारते, “अंगठा चालेल का हो?”