जादा पाटा

तुमच्या गाडीचे दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात की त्याच्या पायाशी पडतात, हे तुम्ही कधी खाली उतरून पाहिलं आहे का? मी पाहिलं नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे.

नांदेडहून निघाले तेव्हा पिकअपच्या हौद्यात चौघांचं सामान होतं आणि केबिनमध्ये मी एकटी. गावोगाव मुक्काम करायचा, लोकांचं ऐकायचं आणि लिहायचं, असं आम्ही चौघांनी ठरवलं होतं. आदल्या आठवड्यात एकाला नोकरी लागली, एकीचं लग्न ठरलं, तिसऱ्याने फोनच उचलला नाही. तरी मी सगळं भरलं. चार तंबू, चार अंथरुणं, शेगडी, सतरंज्या आणि पाण्याचा निळा ड्रम. कुणी वाटेत येऊन मिळालं तर?

शिवाय पाण्याच्या बाबतीत मी हट्टी आहे. माझं बालपण पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून गेलं. बाबा सभेआधी पत्रकं छापून आणायचे, मी त्यांना घड्या घालायचे. त्यातल्या एकावर लिहिलं होतं, ‘आपलं पाणी आपण नेऊ, कुणाच्या दारात ओंजळ धरणार नाही.’ बाबांच्या लहानपणी गावात त्यांच्या ओंजळीत पाणी वरून ओतलं जायचं. ते वाक्य तिथून आलं होतं, आणि माझा ड्रम त्या वाक्यातून.

विष्णुपुरीला धरणाच्या पाण्यावर सकाळचं ऊन पसरलं होतं. मी थांबले, ‘किती छान!’ असं मोठ्याने म्हणाले आणि शेजारच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं. मग गुपचूप गाडी सुरू केली.

लोह्याच्या अलीकडे प्रत्येक खड्ड्यात मागून लोखंडावर लोखंड आदळल्याचा आवाज येऊ लागला. रस्त्याकडेला एक गॅरेज दिसलं. मिस्त्री वाकून मागच्या चाकाकडे बघत म्हणाला, “ताई, पाटे बसलेत की. काय भरलंय एवढं? लग्नाचं बिऱ्हाड हाय का?”

“चौघांचं सामान आहे.”

“मग बाकीचे तिघं?”

“येणार होते.”

“सामान आलं, माणसं न्हाई आली! लई भारी.” तो हसला. “एक पाटा वाढवून देऊ का? मग मागं हत्ती बसवा.”

पाटे म्हणजे चाकावरच्या लोखंडी कमानीतल्या पट्ट्या. गाडीचा भार त्यांच्यावर असतो. आपल्याकडे गाडी वाकली की पाटा वाढवतात. सामान कमी करा असं मिस्त्री म्हणत नाही, आणि गाडीवाल्यालाही ते ऐकायचं नसतं. मलाही नव्हतं. तो काम करत होता तोवर मी शेजारच्या टपरीवर सुशीला (चुरमुऱ्यांचे पोहे) खाल्ले. गाडीचं बूड वर आलं. मला इतका आनंद झाला, की अहमदपूरला अर्धा असलेला ड्रम काठोकाठ भरला आणि वर जळणाच्या मोळ्या रचल्या. बूड पुन्हा खाली बसलं. ते बघायला मी मागे गेलेच नाही.

लातूर, औसा मागे पडलं. दुतर्फा सोयाबीन काढून मोकळी झालेली काळी रानं, मध्येच उसाचे हिरवे पट्टे. लामजना ओलांडलं तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. मी दिवे लावले. रस्ता दिसेना, झाडांचे शेंडे मात्र लख्ख दिसू लागले. जरा विचित्र वाटलं, पण विचारणार कुणाला?

समोरून एक मोटारसायकल आली. जवळ येताच ती डगमगली, रस्ता सोडून खाली उतरली आणि चारीत आडवी झाली.

मी धावत गेले. साठीचे एक गृहस्थ गुडघा चोळत उठत होते. त्यांच्या मागे बसलेली बाई आधीच उठून माझ्याकडे येत होती.

“लायटी आभाळाकडं लावल्यात का गं? चांदण्या मोजायलीस? माणसं मारशील की!”

“मावशी, लागलं का?”

“लागलं न्हाई, पर लागलं असतं!” मग गाडीत डोकावून तिने विचारलं, “एकटीच हायस?”

“हो.”

“आन् हे सगळं कुणाचं?”

मी वळून हौद्यातल्या सामानाकडे पाहिलं. अन्यायाविरुद्ध तावातावाने लिहिणाऱ्या मी दोन जिवांना आंधळं करून रस्त्याबाहेर ढकललं होतं.

ती दोघं किल्लारीची. मथुराबाई आणि त्यांचे मालक दगडूकाका. मोटारसायकलचं पुढचं चाक वाकलं होतं, ती हौद्यात घालायला जागा हवी होती. ड्रम हलवता यावा म्हणून मी त्याची तोटी उघडली. पाणी काळ्या मातीत जिरत गेलं. तिघांनी मिळून मोटारसायकल वर चढवली. “मागं भार लई, म्हणून तोंड वर झालंय,” म्हणत काकांनी डिकीतला स्क्रूड्रायव्हर काढला, पिकअपचं बोनेट उघडायला लावलं आणि दिव्यामागचा स्क्रू फिरवू लागले. मथुराबाई रस्त्यावर समोर जाऊन उभ्या राहिल्या.

“आता?”

“न्हाई, डोळ्यातच जातंय.”

“आता?”

“जरा खाली... अजून... हाव! पायावर पडलं बघा.”

“रोज तूच उभी ऱ्हा तिथं,” काका म्हणाले, “घरात तरी शांतता.”

“मी सरले की कळंल.”

त्या दिवसात पहिल्यांदा मला हसू आलं, आणि पाठोपाठ रडूही. दिवे लावल्यापासून गाडी चुकीचा उजेड फेकत होती आणि समोर उभं राहून सांगणारं कुणी नव्हतं.

किल्लारीत त्यांच्या अंगणात पोचलो. मथुराबाईंनी आडनाव विचारलं. मी सांगितलं आणि नेहमीसारखी ताठ झाले. त्या क्षणभर थांबल्या, की तो माझा भास होता, कोण जाणे. मग तांब्या आला. वरून नव्हे, हातात. मी प्यायले.

जेवायला ज्वारीची भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी) होती. जेवताना मी लोह्याच्या पाट्याची गोष्ट सांगितली. मथुराबाई ऐकत होत्या.

“आमच्या जुन्या घराला माळवद व्हतं,” त्या म्हणाल्या. “मातीचं छत. दरसाल पावसाच्या आधी गळू नये म्हणून वर पांढरी माती टाकायची. दरसाल एक थर. खालची कुणी काढली न्हाई. वर टाकत गेलो.” त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. “भूकंपात सासूबाईंवर तीच आली.”

त्यांच्या घरावर आता पत्रा आहे. मी अंगणात माझा एकच तंबू लावला आणि बराच वेळ बाबांच्या वाक्याचा विचार करत पडले. ते वाक्य तेव्हाही खरं होतं, आजही आहे. त्याच्यावर थर मी चढवले होते. न येणाऱ्या साथीदारांचे, कुणालाच काही न विचारण्याचे.

सकाळी मोटारसायकल गावातल्या गॅरेजात पोचवली, चाक बदलून दिलं. तीन तंबू, तीन अंथरुणं आणि जळण मथुराबाईंच्या पडवीत ठेवलं. भार उतरला म्हणून काकांनी दिव्याचा स्क्रू थोडा परत फिरवला, मथुराबाई पुन्हा समोर उभ्या राहिल्या. साथीदारांना मी निरोप पाठवला, ‘तुमचं अंथरूण किल्लारीत आहे. घ्यायला या.’ अजून उत्तर नाही.

पुढची गावं कुणी सोबत आलं की, असं ठरवून मी मागे वळले. परतीच्या वाटेवर हलकी झालेली गाडी जादा पाट्यामुळे खड्ड्याखड्ड्याला उडत होती. लोह्याला थांबले. “पाटा काढायचाय,” म्हटलं.

मिस्त्रीने मान वर केली. “वाढवायला रोज येत्यात ताई. काढा म्हणणाऱ्या तुम्हीच पहिल्या.”

नांदेडला पोचले तेव्हा दिवस बुडाला होता. दारात गाडी लावली. दिवे तसेच ठेवून खाली उतरले आणि समोर जाऊन उभी राहिले. उजेड पायाशी पडला होता. पण हे माझं मलाच पाहावं लागलं.

तुमच्या गल्लीत आज कुणीतरी गच्च भरलेली गाडी घेऊन एकटं निघालं असेल. त्याला थांबवा. दिवे लावायला सांगा. आणि त्याच्या गाडीसमोर जाऊन उभे राहा.