विमानांच्या शेपटीवरचे आकडे

लग्नानंतर सहा वर्षं मी अहमदपूरला एकटीच राहिले. मी शाळेत शिकवायची आणि हे फार लांब, हवाई दलात लढाऊ विमानांवर रंगकाम करायचे. वर्षातून एकदा रजेवर यायचे. एका वर्षी दुष्काळ पडला, तेव्हा शाळा सुटली की टँकरची वाट बघत मी ओट्यावर वही घेऊन बसायची. वहीत एक गोष्ट लिहीत होते, परग्रहावर लढायला निघालेल्या विमानांची. त्यांना मी एकपासून वीसपर्यंत नंबर दिले होते.

हे रजेवर आले तेव्हा ह्यांच्या हाती ती वही लागली. मला लाज वाटली, पण हे मन लावून वाचत होते.

"एक, दोन, तीन असे नंबर लावून राहिलीस व्हय? शत्रूनं नुसते नंबर वाचले तरी त्याला कळंल, तुझ्याकडं किती विमानं हायेत ते."

"मग कसे लावायचे?"

"आधी अक्षर. त्यावरून विमान कोणतं ते कळतं. मग आकडा, मधले मुद्दाम सोडून. एकदा लागला की विमान मोडीत निघेस्तोवर तोच. तुकडी बदलली तरी बदलत न्हाई."

"आणि पडलं तर?"

"तो आकडा मग दुसऱ्याला देत न्हाईत."

ह्यांनी वही मिटून बाजूला ठेवली. म्हणाले, "हिवाळ्यात एका विमानाचा शेपटीवरचा नंबर पुसट झाला होता, मी सकाळी नव्यानं रंगवला. वाळला का बघायला पायलटनं बोट लावलं. हातमोज्याला रंग लागला तसा हसला. दुपारी ते विमान परत आलं न्हाई."

"मला कळवलं नाहीत."

"कुणालाच सांगितलं न्हाई."

इतकी वर्षं मला वाटायचं, एकटी आहे ती मीच. मी त्यांच्याजवळ सरकून बसले.

तेव्हा आमचा जिल्हा नवीनच झाला होता. हेडमास्तरांनी ह्यांना शाळेच्या फलकावर 'जिल्हा लातूर' लिहून द्यायला सांगितलं. मी डबा धरून उभी राहिले. शेवटचं अक्षर झाल्यावर ह्यांनी ओल्या रंगाला हात लावू नका म्हणून सगळ्यांना इतक्या जोरात दटावलं, की हेडमास्तरही दोन पावलं मागं सरले.

चार दिवसांनी हे एसटीनं गेले. मी सगळ्या विमानांचे नंबर बदलले, पण लढाईचं पान काही लिहवेना. एकही विमान पाडायला हात धजत नव्हता. ती गोष्ट अर्धीच राहिली.