सांत्वनाला नेलेला बायोडेटा

निजामपुऱ्यातल्या लूमच्या ऑफिसातली माझी नोकरी सुटून चार महिने झाले होते. शाळेतला एक मित्र काल्हेरच्या गोदामात मॅनेजर होता. इतक्या वर्षांत मी त्याला कधी फोनही केला नव्हता. त्याची आई वारल्याचं कळलं, तसा मी बायोडेटा खिशात घालून त्याच्या घरी गेलो.

माझा हात धरून तो म्हणाला, "आपल्या वर्गातला तू एकटाच आलास रे."

मला कागद बाहेर काढवेना. निघताना त्यानंच विचारलं, "सध्या कुठे असतोस?"

"घरीच," मी म्हणालो.

पुढच्या आठवड्यात त्यानं मला कामाला लावलं. गोदामात तो अजून सगळ्यांना सांगतो, "आई गेली तेव्हा हा धावून आला होता." मी खाली बघत राहतो. खरं सांगायचं धाडस अजून झालेलं नाही.