कमानीवरची काच

आमच्या इमारतीचं खरं वय कोणालाच माहीत नाही, आणि जो कोणी सांगतो त्याच्यावर माझा विश्वास नाही. नगरच्या जुन्या बाजारात, ऐन चौकात ती उभी आहे. खाली काळ्या दगडाच्या टोकदार कमानी, वर विटांचा मजला, त्याला लाकडी सज्जा आणि डोक्यावर पत्रा. हेरिटेज वॉकवाले एक गृहस्थ माझ्या दुकानासमोर उभे राहून ही निजामशाहीतली सराई असल्याचं छातीठोकपणे सांगतात. दुसरे एक तिला इंग्रजांच्या काळातली कापसाची वखार म्हणतात. मला दोघांचाही संशय आहे. माझ्या मते कमानी एका काळातल्या आणि वरचा मजला दुसऱ्या काळातला. दगडावर विटा जिथे बसल्यात तो सांधा कोणी नीट बघतच नाही.

त्यातल्या एका कमानीत माझ्या वडिलांचं शिलाईचं दुकान होतं. ते गेल्यापासून मी चालवते. शेजारच्या कमानीत भांडीवाले काका, वडिलांचे जुने दोस्त. मधली भिंत आमची दोघांची.

गेल्या हिवाळ्यात त्या भिंतीला बाहेरच्या बाजूने, ओसरीत, उभी भेग दिसली. मालकांनी इंजिनिअर आणला. त्याने भेगेवर आडवी काचेची पट्टी ठेवून दोन्ही टोकं प्लास्टरने पक्की केली. भिंत जराशी जरी सरकली तरी काच तडकते, असं त्याने समजावलं. महिन्याने तो बघायला येणार होता. काच तडकलेली दिसली तर इमारत धोकादायक ठरणार आणि आम्ही सगळे बाहेर. वडिलांनी जिथे आयुष्य काढलं ते दुकान राहणार की जाणार, हे आता एका बोटभर काचेवर होतं.

माझा स्वभाव मुळात संशयी. दूधवाल्याचं दूध मी अजून बोटावर घेऊन बघते. त्यात काकांनी पुणे रस्त्याला केडगावात नवा गाळा घेतल्याचं कानावर आलं. नेमकी आत्ताच बरी बुद्धी सुचली! शिवाय त्यांच्या हातात कायम हातोडी. भांड्यावर नाव घालायला आता सगळीकडे मशीन आलंय, पण काका छिन्नी-हातोडीनेच अक्षरं ठोकत बसतात, आणि खेड्यापाड्यातल्या बायका लेकीच्या लग्नातली भांडी मुद्दाम त्यांच्याकडे आणतात. पूर्वी ती टकटक माझ्या गावीही नसे. आता प्रत्येक ठोक्याला मी भिंतीकडे बघू लागले. मग एक दिवस टकटक बंदच झाली, तेव्हा तर मला खात्रीच पटली, की आता लपूनछपून काहीतरी चाललंय.

एका सकाळी पायरीपाशी काचेचा बारीक चुरा दिसला. वर पाहिलं तर पट्टी अखंड! पण तिच्या कोपऱ्यावर इंजिनिअरने केलेली लाल खूण गायब. कुठेतरी पाणी मुरतंय, हे मी ओळखलं. ट्रायलचा आरसा तिरका फिरवून ठेवला, म्हणजे मशीनवर बसल्या बसल्या भेग दिसावी. काकांनी नेहमीसारखा चहा पाठवला, तो मी आल्या पावली परत पाठवला.

शनिवारी भर दुपारी, बाजार सुस्तावलेला असताना, ते आरशात दिसले. स्टुलावर उभे, हातात छिन्नी, हात पट्टीपाशी. मी कात्री टाकून धावले.

"काका, लाज नाही वाटत? वडिलांच्या मांडीला मांडी लावून जेवलात आणि त्यांचंच दुकान घालवायला निघालात?"

ते घाईघाईने खाली उतरले. "आगं, हळू बोल. घालवत न्हाई पोरी, काच बदलतोय."

त्यांनी खिशातला रुमाल उघडला. आत तडकलेल्या काचांचे तुकडे होते.

"आपोआप फुटती. नवी बसवली की दोन-चार दिसांत तीबी जाती. म्हनून तर हातोडी बंद केली, गिऱ्हाईक माघारी लावलं. तरी फुटतीच."

"आणि केडगावचा गाळा?"

"त्यो पोराचा. मला हितंच ऱ्हायचं हाय. इंजिनिअरला धड काच दिसली म्हंजे झालं. तुला सांगितलं असतं तर तू रडत बसली असतीस."

मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त. ब्लाउजच्या फिटिंगला आलेली एक पोटुशी बाई आमचा आवाज ऐकून बाहेर आली होती आणि त्याच भिंतीला पाठ टेकून आमचं भांडण बघत उभी होती. मी तिला हाताला धरून रस्त्यापलीकडे रसवंतीत नेऊन बसवलं. परत आले तर काका नव्या काचेला प्लास्टर लावत होते. मी ती काच त्यांच्या हातातून काढून घेतली. तडकलेली पट्टी होती तिथेच राहिली. काका स्टूल उचलून आत गेले.

इंजिनिअर आला, त्याने पाहिलं, नोटीस लागली. कमानींना आता लोखंडी टेकू दिलेत आणि पुढे पत्रे ठोकलेत. मी घरी शिवते. काका केडगावात मुलाच्या गाळ्यात बसतात, आणि तिथे मशीन आहे.

संशय वाईट, असं मला सगळे आयुष्यभर सांगत आले. पण त्या दुपारी आरशात काका दिसले तेव्हा रागाबरोबर मला केवढा धीर आला होता, ते मलाच ठाऊक. तो संशय खरा ठरायला हवा होता. काका वाईट निघाले असते, पण भिंत तरी चांगली निघाली असती.