मान हलली, पण कशाला?

बुटांच्या कारखान्यात माल तपासणाऱ्या त्या माणसाला सगळे 'भिंग' म्हणत. टाका ओढून पाहिल्याशिवाय तो एकही जोड पुढे सोडत नसे, आणि माणसांनाही तोच न्याय लावी.

त्याचा थोरला भाऊ शेवटच्या घटका मोजत होता, तेव्हा तो उशाशीच होता. लग्नानंतर एकदाही चर्चची पायरी न चढलेल्या त्या भावाला पाळकसाहेबांनी विचारलं, "प्रभूवर विश्वास ठेवता ना?" भावाने मान हलवली आणि तासाभरात डोळे मिटले.

वहिनीने त्या एका होकारावर दुःख आवरलं. भिंगाच्या मनात मात्र पाल चुकचुकली. समोरच्याची कटकट थांबावी म्हणून भाऊ जन्मभर मान हलवत आला होता. विमा एजंटापुढेही आणि बायकोपुढेही.

दफनानंतर घरी परतल्यावर त्याने पाळकसाहेबांना अंगणाच्या कोपऱ्यात गाठलं. "ती मान त्याची होती, की गुंगीच्या औषधाची?"

"आत्म्याचं तारण मानेवर अवलंबून नसतं हो. ती देवाची कृपा."

"मग विचारलंत कशाला?"

"कृपा देव देतो. ती घ्यायची की नाही, हे माणसाने ठरवायचं."

"म्हणजे फिरून मानेवरच आलो की!"

पाळकसाहेबांनी बायबल काखेत घेतलं आणि ते फाटकाकडे वळले.

तेवढ्यात वहिनी जवळ आली. "भावजी, तुम्ही तिथेच होता. त्यांनी मान हलवली ना?"

"हलवली, वहिनी. मी डोळ्यांनी पाहिलं."

कशासाठी हलवली, हे तिने विचारू नये म्हणून तो लगबगीने खुर्च्या उचलायला लागला.