भारद्वाजाला दूधभात

आमच्या सोसायटीत भारद्वाजाचं पिल्लू सापडलं आणि माणसांची लायकी कळली. माझीही कळली. पण आधी इतरांचं सांगतो, कारण ते सांगताना मला बरं वाटतं.

पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनासाठी चेअरमननी मागच्या भिंतीलगतची झुडपं सपाट करून घेतली. गवत कापायचं यंत्र फिरलं, घाणेरीच्या जाळीतलं गवताचं गोल घरटं कचऱ्याच्या ढिगात गेलं आणि पिल्लू भिंतीच्या कडेला बसून राहिलं. काळपट अंग, त्यावर तपकिरी पट्टे, शेपूट अर्धवट. उडता येत नव्हतं. भिंतीपलीकडे पत्रे ठोकलेला रिकामा प्लॉट आहे, बरीच वर्षं कोर्टात अडकलेला. तिथली जाळी शाबूत होती आणि तिच्यातून आईबापांचं हुप हुप हुप असं घुमणं ऐकू येत होतं. पिल्लू उचलून पलीकडे ठेवायचं, एवढंच काम होतं. मी ते घरी आणलं. आंब्याच्या रिकाम्या पेटीत जुना टॉवेल घातला, पेटी गॅलरीत ठेवली आणि आपण फार दयाळू आहोत असं वाटून घेतलं.

भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो, हे आपल्याकडे पोराटोरांनाही माहीत असतं. एरवी तो झुडपातून क्षणभर दिसतो आणि लोक दिवसभर सांगत सुटतात. इथं तो पेटीत बसलेला, दुसऱ्या मजल्यावर, वर यायला लिफ्ट. संध्याकाळपर्यंत दारात चपलांचा ढीग झाला. कुणी नव्या गाडीची किल्ली पेटीला टेकवली. कुणी मेहुण्याला व्हिडिओ कॉल लावून मोबाइल पिल्लाच्या तोंडासमोर धरला. एक गृहस्थ दुसऱ्यांदा आले, कारण पहिल्या खेपेला त्यांना पाठच दिसली होती. ज्यांनी कधी जिन्यात भेटल्यावर मान हलवली नव्हती, ते माझ्या घरात बसून चहा पीत होते. मला ते आवडत होतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी चांदीच्या वाटीत दूधभात घेऊन आल्या.

"वहिनी, हा किडे खातो," मी म्हणालो. "सरडे, गोगलगायी. दुसऱ्या पक्ष्यांची अंडीसुद्धा."

"काहीतरीच तुमचं भाऊजी. एवढा शुभ पक्षी."

"खरंच खातो."

"खात असेल बाहेर. पण श्रावणात घरात बसून कोण खातं?"

माझी बायको लगेच म्हणाली, "आमच्याकडे नाही हं तसलं काही येणार. अंड्याचा केकसुद्धा बंद आहे महिनाभर."

वहिनींनी बोटानं दूधभात पिल्लाच्या चोचीला लावला. त्यानं मान झटकली. "लाजतंय," त्या म्हणाल्या.

मग साबुदाण्याची खिचडी आली. पेढ्याचा चुरा आला. पेटीच्या कडेला हळदकुंकू लागलं. पिल्लू चोच मिटून बसलेलं, आणि खाली प्लॉटमधून दोन आवाज एकमेकांना उत्तर देत होते. दिवस गेले तसे ते कमी होत गेले. मी गॅलरीचं दार लावून घेऊ लागलो.

ते परत ठेवावं असं मी एकदा बायकोला म्हणालो. ती म्हणाली, "शनिवारी पोरीची मुलाखत आहे ना? निघताना दर्शन घेऊन जाऊ दे. मग करा काय ते." मी लगेच विषय सोडला. मला तेच ऐकायचं होतं.

शनिवारच्या आधी एकदा मात्र पार्किंगमध्ये मी पिल्लासाठी एक नाकतोडा पकडला. तेवढ्यात चेअरमन आले. मी नाकतोडा खिशात टाकला. चेअरमन मूळचे जवळच्याच गव्हाण गावचे. जमीन प्रकल्पात गेली, पैसा आला, आता इमारती बांधतात. बोली तेवढी गावची राहिली आहे.

"साहेब, पिल्लू कसा हाय?"

"मलूल आहे. काही खात नाही."

"खानार कसा? त्याला सरडा पायजे. आमी लहान असताना खारीकडं, खाजनाच्या बांधावर बगायचो. सापाचा पिल्लू अख्खा गिलायचा."

"मग देऊ या का?"

"आता नाय. श्रावन हाय. बायकांना कलला तर माजाच जीव खातील." ते हसले. "रविवारपर्यंत सांभाला. साइटवर भूमिपूजन हाय माजा. जाताना पार्टनरला दाखवतो."

म्हणजे त्यांनाही माहीत होतं. मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, आणि दोघं सुशिक्षितांसारखे उभे होतो. बोलणं संपलं तेव्हा खिशातला नाकतोडा चिरडला होता. तोही पिल्लानं खाल्ला असता. मी गटारात टाकला.

शनिवारी सकाळी पिल्लू पायांवर उभं राहीना. मुलगी फाइल घेऊन बाहेर आली. तिची आई म्हणाली, "दर्शन घे गं." ती पेटीपाशी वाकली आणि तशीच थांबली.

"बाबा, हे मरतंय."

"तू जाऊन ये. मग सोडतो."

"म्हणजे माझ्यासाठी उपाशी ठेवलंय?"

मी पेटीतला टॉवेल सारखा केला.

"नोकरी मिळाली तर म्हणाल याच्यामुळे मिळाली," ती बूट घालत म्हणाली. "मी काय करणार आहे तिथं जाऊन? यालाच पाठवा."

हात न जोडता ती गेली. मी पेटी उचलली.

जिन्यात वहिनी भेटल्या. "कुठं नेताय भाऊजी? आमच्या जावयांनी अजून बघितलं नाही." मी तसाच खाली उतरलो, पत्र्याच्या फटीतून सदरा फाडून घेत आत शिरलो, पिल्लू जाळीत बुडाशी ठेवलं आणि मागं होऊन भिंतीला टेकलो. वर मागच्या गॅलऱ्या भरल्या होत्या. मोबाइल निघाले होते.

बराच वेळ काहीच झालं नाही. हुप हुप कुठून येईना. मग गवतातून मोठा भारद्वाज चालत आला, तांबूस पंख, लाल डोळा. चोचीत सरडा, अजून शेपटी हलवणारा.

"शी! सरडा," वरून वहिनींचा आवाज आला. गॅलऱ्या पटापट रिकाम्या झाल्या.

पिल्लानं चोच उघडली. फार नाही, पण सरड्याचं डोकं आत जाईल एवढी. नंतर शेपटीही गेली.

मी घरी निघालो तेव्हा लक्षात आलं, माझे हात जोडलेले होते. तो मोठा पक्षी दिसताक्षणी ते जोडले गेले असणार. आणि मनात पिल्लू नव्हतं, मुलाखत होती.