भरीव की पोकळ

आमच्या ह्यांना सगळे ठोकेकाका म्हणतात. कुणी घर विकत घेण्याआधी ते तपासून द्यायचं, हे ह्यांचं काम. स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने भिंती, फरश्या ठोकत जायचं आणि आवाजावरून सांगायचं, भरीव की पोकळ. पोकळ म्हणजे आतलं प्लास्टर सुटलंय, बहुतेक वेळा ओल धरून. माझ्या माहेरी पहिल्यांदा आले तेव्हा माझ्याकडे कमी आणि छताकडेच जास्त बघत होते. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी वही घेऊन ह्यांच्याबरोबर जाऊ लागले. हे ठोकत ठोकत बोलायचे, मी लिहायचे. सिंकखाली गळती. बाथरूमचा उतार जाळीकडे नाही, दाराकडे. अर्थिंगची वायर आहे, पण कशालाच जोडलेली नाही. गच्चीच्या पाइपात पाला. दर घराची तीच दुखणी, आणि दर मालकाचं तेच उत्तर, "आम्हाला कधी त्रास झाला नाही बुवा." घरी येऊन मी अहवाल उतरवायचा आणि ह्यांनी न वाचता सही ठोकायची. "तू लिहिलंस म्हणजे बरोबरच," म्हणायचे.

वर्षभरापूर्वी एका स्वयंपाकघरात ह्यांनी टाइल ठोकली. मला स्वच्छ ऐकू आलं, पोकळ. हे म्हणाले, "भरीव." मला वाटलं, घाईत चुकले असतील. पुढच्या घरी परत तेच. कानाच्या डॉक्टरचं नाव काढलं तर अंगावर आले. "चाळीस वर्षं ह्या कानांवर घर चाललंय. मला शिकवू नकोस." घरातल्या टीव्हीचा आवाज मात्र महिन्यागणिक वाढत होता.

शेवटी मी हात टेकले. हे भरीव म्हणायचे, मी गुपचूप पोकळ लिहायचे. घर घेणाऱ्याचं नुकसान नको आणि ह्यांचा मानही राहू दे. नवऱ्याला फसवतेय हे मला कळत होतं. दुसरं काय करायचं, ते कळत नव्हतं.

आणि परवा लेकीने घर पसंत केलं. पडदे कुठल्या रंगाचे लावायचे इथपर्यंत तिचं ठरलं होतं. पण जावयाला तिने बजावून ठेवलं होतं, बाबा हो म्हणाले तरच घ्यायचं. लहानपणी हीच कार्टी ह्यांच्या मागे मागे चमच्याने भिंती ठोकत फिरायची. तिचा कान ह्यांनीच तयार केलाय.

काल आम्ही तिघं ते घर तपासायला गेलो. मोठ्या खोलीत खिडकीखाली तेवढाच पट्टा नव्याने रंगवलेला. हे वाकले, ठोकलं. ओल्या पुठ्ठ्यासारखा आवाज आला.

"भरीव," हे म्हणाले.

लेकीने माझ्याकडे बघितलं. मी वहीत मान घातली.

"बाबा, परत एकदा ठोका ना."

ह्यांनी ठोकलं. "भरीव आहे गं. डोळे मिटून घे घर."

तिचे डोळे भरून आले. "हो बाबा," ती म्हणाली. मला तिचा असा राग आला! एक खोटारडी घरात पुरे नव्हती का?

हे तिच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. आणि आयुष्यात पहिल्यांदा ह्यांनी माझ्या हातातून वही घेतली. 'खिडकीखाली पोकळ.' ह्यांनी मागची पानं उलटली. मग त्याच्याही मागची.

"कधीपासून?"

"वर्ष झालं," मी म्हटलं.

ओरडले असते तर बरं झालं असतं. ह्यांनी वही परत दिली, गुडघे धरत खाली बसले आणि त्या पट्ट्यावर ठोकलं.

"आता?" त्यांनी लेकीला विचारलं.

"पोकळ."

हातभर बाजूला सरकून ठोकलं. "आता?"

"भरीव, बाबा."

परत इकडे, परत तिकडे. प्रत्येक वेळी हे तिच्या ओठांकडे बघायचे. मग भिंतीला कान लावला आणि दोन्ही जागी एकेकदा ठोकलं, हळू, अगदी लक्ष देऊन.

"दोन्ही सारखंच वाजतंय गं," हे म्हणाले.